125 सीसीवर कोल्हापूर–पुणे: नऊ महिने आणि सतरा फेऱ्यांनंतर

ओडोमीटर आज सकाळी 11,400 च्या पुढे गेला. त्यातले आठ हजाराच्या आसपास किलोमीटर एकाच रस्त्यावरचे आहेत. तावडे हॉटेलपासून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत आणि परत. पत्नीची बदली पुण्याला झाली, माझं काम शिरोलीच्या एमआयडीसीत, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा जाणं ठरलेलं. पाडव्याला ही गाडी घेतली ती रोजच्या कामासाठी. पुण्याला एसटीनंच जायचं असं ठरलं होतं. एप्रिलमध्ये एकदा वेळ जुळेना म्हणून गाडीवरच गेलो आणि मग तीच सवय झाली.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते या वर्गातल्या जवळपास सगळ्या गाड्यांना लागू पडतं. 125 सीसी, अकराच्या आसपास हॉर्सपॉवर, पाच गिअर, हवेवर थंड होणारं इंजिन, वजन सव्वाशे किलोच्या आत. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना 2019 पासून निदान सीबीएस तरी सक्तीचं आहे, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. चाक लॉक होण्यापासून तो वाचवत नाही, हे पावसात कायम लक्षात ठेवावं लागतं.

आधी सगळे विचारतात तेच. इंजिनला त्रास होतो का? नाही. 65–70 ला ही गाडी सकाळपासून दुपारपर्यंत चालते, एकदाही कुरकुर नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा 80 आहे आणि गाडी तिथपर्यंत आरामात जाते. पण 75 च्या पुढे हँडलमधून बारीक थरथर यायला लागते, तासाभरात तळहाताला मुंग्या येतात. पेट्रोलही सपाट्यानं उतरतं. टाकी फुल्ल करून मोजलं आहे: 65 ला धरून चालवलं तर लिटरला 64–65, कराडपर्यंत 80 ने नेलं तर 51. कारण सगळं वाऱ्यात आहे. वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या पटीत वाऱ्याचा विरोध वाढतो आणि लागणारी ताकद तर घनाच्या पटीत. 60 वरून 80 ला जाताना इंजिनला दुपटीपेक्षा जास्त काम करावं लागतं. मोठ्या इंजिनाला ते जाणवत नाही. आपल्या अकरा घोड्यांतले बरेचसे तिथेच खर्च होतात आणि हाताशी फारसं काही शिल्लक राहत नाही.

हे ‘हाताशी शिल्लक नसणं’ हीच छोट्या गाडीची हायवेवरची खरी गोष्ट आहे. मला ती कळली जुलैमध्ये, कासेगावच्या पुढे. एक लांब ट्रेलर 60 ने चालला होता, मी 70 ला होतो, इंडिकेटर देऊन उजवीकडे घेतलं. समोरून वारा. ट्रेलरच्या मध्यावर आलो आणि काटा 67 वर उतरला. पिळलेला थ्रॉटल आणखी पिळायला जागाच नव्हती. मागून आलेली बस अगदी पाठीवर येऊन हॉर्न देत राहिली. शेवटी ट्रेलर ओलांडला, पण पुढे टपरीवर थांबून चहा घेताना हात थरथरत होता.

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. ट्रेलर 60 ला, आपण 70 ला, फरक फक्त दहाचा, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. ट्रेलरची लांबी आणि पुढे-मागे ठेवायचं अंतर धरून साठ मीटर कापायचे म्हटले तरी बावीस सेकंद. तेवढ्या वेळात मागून 100 ने येणारी मोटार आपल्यापेक्षा 180 मीटर जास्त कापते. आरशात ती लांब, ठिपक्याएवढी दिसत असते, पण ओव्हरटेक संपायच्या आत ती आपल्या नंबरप्लेटला येऊन चिकटणार हे नक्की. तेव्हापासून माझा नियम: पुढच्या गाडीचा वेग 50 च्या वर असेल तर तिच्या मागे, भरपूर अंतर ठेवून, जे काही चाललंय ते चालू द्यायचं. पुण्याला दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचतो.

ट्रकच्या शेजारून जाताना आणखी एक गोष्ट घडते. मागे असतो तोवर वारा अडलेला असतो, गाडी हलकी पळते. ट्रकच्या केबिनच्या रेषेत आलो की तिनं बाजूला फेकलेला वारा एकदम छातीवर येतो आणि सव्वाशे किलोची गाडी हातभर डावी-उजवीकडे जाते. हँडल घट्ट आवळलं तर जास्त डगमगते. गुडघे टाकीला दाबायचे, हात सैल ठेवायचे. कणेगावजवळ वारणेच्या पुलावरही आडवा वारा असतो, तिथे मी आधीच वेग उतरवतो.

आता सीट. पहिल्या तीन फेऱ्यांत दीड तासानंतर बसवत नव्हतं. कंपनीची सीट मऊ आहे, शोरूममध्ये छान वाटते आणि उंब्रजपर्यंत पार दबून जाते. कुशनवाल्याकडून आतला फोम बदलून कडक घालून घेतला, बसायची जागा थोडी सपाट करून घेतली. सातशे रुपये गेले. या गाडीवर केलेला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हाच. तरीही दर पन्नास-साठ किलोमीटरला उतरतो, चार पावलं चालतो. मागे माणूस बसवून लांब जायचा विचार सोडला आहे. दिवाळीत पत्नी साताऱ्यापर्यंत आली, तिची कंबर धरली, आणि दोघांच्या वजनाला चढावर चौथ्या गिअरमध्येच खेचावं लागलं. पुढचा प्रवास तिनं एसटीनं केला, ते योग्यच झालं.

सामानाचा धडा गुळानं दिला. एकदा गुळाचा दहा किलोचा रवा, म्हणजे ढेप, मागच्या कॅरिअरवर बांधून निघालो. किणी टोलनाक्यापर्यंत काही वाटलं नाही, पुढे 70 ला हँडल हलकं, पाण्यावर तरंगल्यासारखं व्हायला लागलं. वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं की पुढचं चाक उचलल्यासारखं होतं. थांबून रवा सॅडल बॅगेत, सीटच्या दोन्ही बाजूंना वाटून ठेवता येईना, म्हणून सीटवर अगदी पाठीला टेकवून बांधला. लगेच गाडी जागेवर आली.

रस्त्याबद्दल. कागल ते सातारा सहापदरीचं काम चालू आहे, वळसे कधी कुठे असतील सांगता येत नाही, आणि सर्व्हिस रोडवर खडी पसरलेली असते. दुचाकीला टोल नाही. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, चारही नाक्यांवर डावीकडच्या अरुंद लेनमधून जायचं. पावसात त्या लेनमध्ये सांडलेल्या ऑइलवर चाक सरकतं, पुढचा ब्रेक तिथे जपून. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो आणि तो संपल्यावर उताराचं नागमोडी वळण. तिथे बरेच अपघात झाले आहेत. मी बोगद्यातच चौथा गिअर टाकून डावीकडे येतो. परतताना घाट चढायचा असतो, तो तिसऱ्या गिअरवर 40–45 ने सहज होतो. सगळ्यात जास्त भीती मला कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल या उताराची वाटते. जड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन तिथे मोठे अपघात झालेले आहेत, त्यामुळे तिथे माझी नजर पुढे जेवढी तेवढीच आरशात असते.

कारखाने सुरू झाल्यापासून रस्ता वेगळाच झालाय. पेठनाका, कराडच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, कित्येकांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं पुढच्या चाकाखाली आलं तर गाडी सरळ आडवी होते. आमच्या हेडलाइटचा पांढरा प्रकाश पन्नासच्या वेगाला पुरतो, सत्तरला नाही. म्हणून अंधारात हायवे नाही, हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे. पुण्याहून दुपारी दोनच्या आत निघालो नाही तर मुक्काम वाढवतो. ऊस वाहणाऱ्या भावांना हात जोडून विनंती आहे, ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टरची पट्टी तेवढी चिकटवा. शे-दोनशे रुपयांत एखाद्याचा जीव वाचेल.

देखभाल शहरातल्यापेक्षा जास्त लागते, पण फार नाही. तेल लिटरभरच असतं, म्हणून प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी लेव्हल बघतो. चेनला दर पाचशे किलोमीटरला ल्यूब. सुरुवातीला मी ती ताठ करून घ्यायचो. उद्यमनगरातल्या आमच्या मेकॅनिकमामांनी बोटानं वर-खाली करून दाखवलं, “दादा, ताणून ठेवू नका, एवढी खेळली पाहिजे. तुम्ही बसल्यावर ती आणखी ताणते, मग बेअरिंगचं काय हुईल?” टायर ट्यूबलेस आहेत. एकदा नागठाण्याजवळ खिळा घुसला, हवा हळूहळू उतरली, गाडी डोलली नाही आणि किटमधली पट्टी घालून वीस मिनिटांत निघालो. हवा मात्र सकाळी, टायर थंड असतानाच भरायची.

सकाळी उजाडताच निघतो, नऊच्या सुमारास साताऱ्यात नाश्ता, साडेअकरापर्यंत पुणे. जाऊन-येऊन पेट्रोलला आठशेच्या आसपास. दीडशे-दोनशे सीसी घ्यायला हवी होती का, याचा बराच विचार केला. महिन्यातून चार-पाच वेळा लांब जाणाऱ्यानं, मागे माणूस घेऊन जाणाऱ्यानं ती जरूर घ्यावी, एबीएससाठी तरी घ्यावी. माझं उरलेलं सगळं फिरणं राजारामपुरी ते शिरोली आहे, तिथे ही गाडी हाताला बसली आहे. मागच्या टायरची नक्षी मध्यावर सपाट होत आलीय, चेन-स्प्रॉकेटचा आवाजही बदललाय. दोन्ही पुढच्या फेरीच्या आधी बदलून घेतोय.