विंडो की स्प्लिट? मागांच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी

सोलापुरात जानेवारीतली गड्डा यात्रा उरकली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, "यंदा एसी घ्यायचाय, विंडो घेऊ का स्प्लिट?" दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : विंडो आता कोण घेतंय, साहेब! आमच्या घरात दोन्ही आहेत. खाली दीड टनाचा साधा विंडो, वर मुलाच्या खोलीत तेवढ्याच टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, दोन्ही तीन स्टारचे. घर अक्कलकोट रोडच्या बाजूला आणि गल्लीत दोन्हीकडे पॉवरलूम, म्हणजे यंत्रमाग. मागांचं एवढं लक्षात ठेवा, कारण माझा सगळा हिशेब त्यांनीच बिघडवलाय.

(कूलरचं विचारू नका. नळाला पाणी काही दिवसांआड, त्यात तो रोज पिंपभर पाणी पिणार. बोअरचं घातलं तर महिन्याभरात जाळी क्षारानं पांढरी.)

विजेच्या बाबतीत स्प्लिट पुढे आहे, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. साध्या विंडोचा कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत ताशी दीड युनिटच्या आसपास खातो, मग खटकन बंद होतो, पुन्हा पूर्ण जोरानं सुरू. इन्व्हर्टर खोली गार झाली की चाल मंदावतो. शिवाय दोन्हींचे तीन स्टार सारखे नसतात. विंडोची मोजपट्टी वेगळी आणि जरा सैल आहे. म्हणून तारे मोजू नका, लेबलवरचा आयएसईईआरचा, म्हणजे विजेच्या मानानं गारवा किती देतो त्याचा आकडा बघा, जितका मोठा तितका बरा. त्याच लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात, ते १६०० तासांचे. आपण मार्च ते जून फक्त रात्री लावणारी माणसं, आपले तास त्याच्या निम्म्यावरच येतात. म्हणजे बचतही निम्मीच.

माझा अनुभव सांगतो, त्याला मोजमाप म्हणता येणार नाही. एका मे महिन्यात आम्ही सगळे खाली विंडोच्या खोलीत झोपलो, बिल ४०० युनिटच्या आसपास आलं. पुढच्या मेमध्ये सगळे वर, तेव्हा ३४०. महावितरणच्या दरात १००, ३०० आणि ५०० या पायऱ्या आहेत. ३०० ची पायरी दोन्ही वेळा ओलांडलीच, त्यामुळे फरकाचे ६० युनिट चढ्या दराचे. तरी महिन्याला हजाराच्या आसपासच. पण तो स्प्लिट एप्रिलअखेर स्वच्छ धुऊन घेतलेला होता. त्याच्या पुढच्या वर्षी धुवायचा राहून गेला, तर बिल ३९० च्या घरात आणि खोली पहाटेपर्यंत कोमटच.

तो का राहिला, तेच सांगायचंय.

मागांची सुताची धूळ डोळ्यांना दिसत नाही, फिल्टरवर दिसते. दर आठवड्याला जाळी काढली की तिच्यावर राखाडी मऊ थर, कोपऱ्यातून नखानं उचलला की अखंड निघतो. आमची ही म्हणते, चादरच विणली की यानं. इथवर दोन्ही एसी सारखेच. पण स्प्लिटमध्ये जाळीतून निसटलेला बारीक तंतू आतल्या लांबट ब्लोअरच्या पात्यांत जाऊन बसतो. कॉइलवरच्या ओलाव्यानं त्याचा चिखल होतो, तो पाणी जायच्या नळीत अडकतो आणि मग भिंतीवरून पाणी. ब्लोअरपर्यंत आपला हात पोचत नाही. मेकॅनिकच लागतो. तो येतो, एसीला प्लास्टिकची पिशवी बांधतो, जेट पंप काढतो आणि म्हणतो, "काका, तीन-चार बादल्या पाणी द्या."

आमच्याकडे तो येतो तेव्हा हमखास पाणी आलेलं नसतं. होळीनंतर त्याची वेळ मिळायलाच आठवडा लागतो आणि पाण्याचा दिवस आपल्या हातात नाही. पाणी असेल त्या दिवशी तो दुसरीकडे, तो दारात उभा त्या दिवशी टाकीचा तळ दिसतोय. एकदा बोअरचं पाणी दिलं, तर कॉइलवर पांढरे डाग आले आणि त्यानंच तोंड वाकडं केलं. त्या वर्षी मे सगळा असाच गेला. गरज हंगामात दोनदा धुण्याची, जमतं एकदा.

खालच्या विंडोला पुढची जाळी ओढली की फिल्टर हातात येतो, अर्ध्या बादलीत धुऊन होतो आणि ते पाणी कुंड्यांना. फिल्टरमागची कॉइल समोरच दिसते, रंगाच्या जुन्या ब्रशनं उभी उभी झाडायची, आडवं घासलं की पत्रे वाकतात. हे सगळं मी स्टुलावर बसून करतो. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, दोन माणसं तो ओढून गच्चीवर नेऊन धुतात. तेव्हा मेकॅनिकही मोकळा असतो, पाण्याचा दिवसही निवडता येतो. गॅसही आजवर भरावा लागला नाही. त्याची नळी कारखान्यातच जोडून येते, स्प्लिटसारखे नटाचे सांधे नाहीत. वरच्याचे सांधे एकदा गळले. शिवाय त्याच्या आउटडोअरमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, पाल शिरून आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळालं, ते वेगळंच.

विंडोबद्दल एक सूचना. तळाच्या ट्रेमध्ये साचलेलं पाणी मागचा पंखा गरम कॉइलवर उडवतो, त्यानं तिला गारवा मिळतो. जूनमध्ये हवा दमट झाली की छपछप ऐकू येते. कोणी म्हणालं "पाणी जायला भोक पाडून देतो," तर आधी दोनदा विचारा. मी पाडू दिलं नाही.

आवाज मात्र आहे. कॉम्प्रेसर डोक्याशीच चालतो. आम्ही मागांच्या खडखडाटात वाढलेली माणसं, आम्हाला तो ऐकूच येत नाही. हलकी झोप असेल तर स्प्लिटच घ्या. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडे राहत असाल, सुताचा त्रास नसेल आणि इमारतीला पाणी पुरत असेल, तरी कदाचित स्प्लिटच परवडेल. सरकत्या काचेची खिडकी असेल तर विंडोसाठी गवंडी आणि सुतार दोघे लागतात, तो खर्च आधी विचारून घ्या. आता इन्व्हर्टर विंडोही मिळतात. आज घ्यायचा असता तर मी तोच बघितला असता, स्टॅबिलायझरसकट.

वरचा स्प्लिट काढून तिथेही विंडो बसवावा असं माझं म्हणणं आहे. मुलगा म्हणतो, खिडकी जाईल, उजेड जाईल. त्याचंही खरं आहे. सध्या मी मेकॅनिकला फोन करण्याआधी पाणी कधी येणार ते विचारून घेतो.