गच्चीवरून सूर्य बघायचा: साधा सोलर फिल्टर की हायड्रोजन-अल्फा दुर्बीण?

पुण्यात घरी 80 मिलिमीटरची एखादी रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची, दुर्बीण आहे, चंद्र-गुरू-शनी बघून झालेत आणि आता दिवसाही आकाशात काहीतरी बघायचंय, अशा टप्प्यावर हा प्रश्न येतो. एका बाजूला दुर्बिणीच्या तोंडावर लावायची सोलर फिल्म, जी दोन-चार हजारांत पडते. दुसऱ्या बाजूला 40 मिलिमीटरची हायड्रोजन-अल्फा दुर्बीण. परदेशातून मागवली तर शुल्क-कर धरून ती लाखाच्या घरात जाते, आणि सूर्याशिवाय तिच्यातून दुसरं काहीही दिसत नाही. एवढा फरक मोजून मिळतं काय, हे नीट समजून घेतलं तरच निर्णय पटतो.

आधी स्वस्त पर्याय, कारण त्याला उगाच कमी लेखलं जातं. बाडर कंपनीची 5.0 घनतेची फिल्म सूर्यप्रकाशाचा फक्त एक लक्षांश भाग आत सोडते. मग दिसतो तो फोटोस्फिअर, म्हणजे आपण सूर्याचा पृष्ठभाग म्हणतो तो थर. सौरडागांचा काळा गाभा, त्याभोवतीची करडी झालर, कडेजवळचे उजळ पट्टे हे सगळं 80 मिलिमीटरमधून व्यवस्थित दिसतं. हवा शांत असेल तर सगळ्या बिंबावर तांदळाच्या कण्यांसारखा पोत जाणवतो. या कण्या म्हणजे साधारण हजार-हजार किलोमीटरच्या उकळत्या वायूच्या पेशी. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: बारकाव्यांत 40 मिलिमीटरची महागडी दुर्बीण तुमच्या 80 मिलिमीटरला हरवू शकत नाही. लाल प्रकाशात 40 मिलिमीटरची बारकावे वेगळे दाखवण्याची क्षमता चार आर्कसेकंदांच्या (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3,600वा भाग) आसपास, म्हणजे सूर्यावर सुमारे 3,000 किलोमीटर. पैसे जातात ते वेगळा थर बघण्यासाठी, जास्त बारीक बघण्यासाठी नव्हे.

तो थर म्हणजे क्रोमोस्फिअर. एरवी फोटोस्फिअरच्या झगमगाटात तो बुडून जातो. हायड्रोजनच्या 656.28 नॅनोमीटरच्या लाल रेषेवर, म्हणजे हायड्रोजन-अल्फावर, मात्र तो उठून दिसतो, म्हणून बाकी सगळा प्रकाश अडवून तेवढीच अरुंद पट्टी आत घ्यावी लागते. नवशिक्यांसाठीच्या दुर्बिणींत ही पट्टी एक अँगस्ट्रॉम किंवा त्याहून कमी असते, म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. हे काम करतो तो एटॅलॉन. अत्यंत अचूक घासलेल्या दोन काचा, त्यांच्यात नेमकं अंतर. खर्च होतो तो या काचांवर.

पहिल्यांदा डोळा लावणाऱ्याला बहुधा फक्त लाल तबकडी दिसते, आणि लाखाची वस्तू फसली की काय असं वाटतं. थांबा. डोक्यावर काळं कापड घ्या, कारण या खोल लाल रंगाला आपला डोळा फारसा संवेदनशील नसतो आणि गच्चीवरच्या उजेडात तर नाहीच. दोन-तीन मिनिटांनी कडेवर एक अस्पष्ट पिसासारखं काहीतरी जाणवेल. आता ट्यूनिंगची रिंग अगदी सावकाश फिरवा. पिसाला आकार येतो: खाली दोन खांब, वर कमान, कमानीतून एक धागा परत सूर्याकडे उतरलेला. हा प्रॉमिनन्स, सूर्याच्या कडेबाहेर झेपावलेला वायू. सूर्याच्या व्यासात 109 पृथ्वी बसतात, त्या मापाने बघितलं तर त्या कमानीखालून आपली पृथ्वी सहज निघून जाईल. रिंग अजून थोडी हलवली की बिंबावर काळ्या वळवळत्या रेघा उमटतात. त्या फिलामेंट, म्हणजे तेच प्रॉमिनन्स समोरून पाहिलेले. चहा पिऊन परत या. कमानीचा आकार बदललेला असू शकतो. डागांच्या गटात एखादा भाग अचानक पांढुरका-लाल पेटला, तर ती सौरज्वाला, आणि ती डोळ्यांदेखत मिनिटा-मिनिटाला बदलते. साध्या फिल्टरमधून हा वेग जवळजवळ कधीच दिसत नाही. तिथला बदल दिवसागणिक मोजायचा.

प्रॉमिनन्स बघायला एकेकाळी खग्रास ग्रहणाचीच वाट पाहावी लागे. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात गुंटूरला आलेल्या जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला वर्णपटात त्यांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या शोधून काढल्या. आपल्याकडे हे श्रेय हमखास विजयदुर्गाला दिलं जातं. पण ज्याच्यामुळे ते दिलं जातं, तो याच रेषा स्वतंत्रपणे शोधणारा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता, विजयदुर्गला तो आला 1898 च्या ग्रहणासाठी. त्याच जानेवारी 1898 च्या ग्रहणाला पुण्याचे कावसजी दादाभाई नाईगमवाला जेऊरला तळ ठोकून होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातली, म्हणजे आजच्या सीओईपीतली, त्यांची वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. सौर निरीक्षणाचा पुण्याचा हा धागा पुढे आयुका या खगोलशास्त्र संस्थेपर्यंत येतो: इस्रोच्या आदित्य-एल1 या सौरयानावरची सूट ही दुर्बीण आयुकातल्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली घडली. ती 200 ते 400 नॅनोमीटरमध्ये बघते. हायड्रोजन-अल्फाची रेषा तिच्या टप्प्यात येत नाही.

आता पुण्याचं हवामान. दोन्ही पर्यायांना ते सारखंच लागू आहे, पण महाग वस्तूला जास्त बोचतं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सूर्य ढगांच्या फटीतूनच भेटतो. ऑक्टोबर ते मार्च हा खरा हंगाम. वेळ सकाळची, गच्चीचा स्लॅब तापायच्या आत; दहानंतर सोलर हीटर आणि पाण्याच्या टाक्यांवरून उठणारी गरम हवा बिंबाची कड उकळवू लागते. 40 मिलिमीटरचा एक फायदा इथे होतो: लहान तोंडाच्या दुर्बिणीला खराब हवा तुलनेने कमी त्रास देते. मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य पुण्यात थेट डोक्यावर येतो, तेव्हा साध्या अल्ट-अझिमथ (फक्त वर-खाली आणि आडव्या दिशेने फिरणाऱ्या) माउंटवर नळी सरळ वर करून बघणं मानेला आणि ट्रायपॉडला दोघांनाही जड जातं.

हायड्रोजन-अल्फाच घ्यायची ठरलं, तर आत पुन्हा निवड आहे. लंटची 40 मिलिमीटर किंवा एक्यूटरची फिनिक्स यांसारखी तयार दुर्बीण, किंवा जुन्या बाजारात मिळणारी कोरोनाडो पीएसटी. पीएसटीने कितीतरी लोकांना सूर्याची गोडी लावली, पण तिची निर्माती मीड कंपनी 2024 मध्ये बंद पडली, त्यामुळे दुरुस्तीचा भरवसा नाही. जुना नग घेताना पुढून आणि आयपीसच्या बाजूने टॉर्च मारून बघा. काचेवर गंजासारखे डाग किंवा दुधी पापुद्रा दिसला तर स्वस्तातही घेऊ नका. तिसरी वाट डेस्टारच्या क्वार्कची: हा हायड्रोजन-अल्फा फिल्टर आपल्याच रिफ्रॅक्टरच्या मागे लावायचा. तो 4.3 पट मोठं करतो, म्हणून डागाभोवतीचे तपशील सुंदर दिसतात, पण बहुतेक दुर्बिणींत पूर्ण सूर्य एका नजरेत मावत नाही. त्याला पॉवर बँक लागते, आणि ट्यूनिंग बदललं की तापमान स्थिरावेपर्यंत मिनिटं मोजत थांबावं लागतं. ऑफिसला निघायच्या आधीच्या पंधरा मिनिटांसाठी मला तो सोयीचा वाटत नाही. शेजारपाजारच्या मुलांना दाखवायला तर 20 मिलिमीटरच्या आयपीसमधून 20 पट दिसणारं पूर्ण बिंबच हवं.

फोटोच काढायचे असतील आणि हाताने जुळवाजुळव आवडत असेल, तर क्रिस्तियाँ ब्यूल यांचं सोलेक्स बघा. थ्रीडी प्रिंट केलेल्या सांगाड्यातला हा वर्णपटमापी सूर्याची चित्रफीत घेतो आणि संगणकावर हायड्रोजन-अल्फाचं चित्र जुळवून देतो. खर्च तयार दुर्बिणीपेक्षा बराच कमी. इंजिनिअरिंगच्या मुलांना मी हाच सुचवीन. मात्र डोळ्याने थेट बघण्याचं सुख त्यात नाही. कॅमेरा कुठल्याही वाटेने घ्या, पण मोनोक्रोम घ्या. रंगीत सेन्सरचे चारातले तीन पिक्सेल या लाल प्रकाशात जवळपास वाया जातात.

सुरक्षिततेत सवलत नाही. फिल्म प्रत्येक वेळी लावण्याआधी उजेडासमोर धरून टाचणीएवढं भोक आहे का ते बघा, वाऱ्याने उडणार नाही अशी चिकटपट्टीने बांधा, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढून ठेवा. 3.8 घनतेची फिल्म फोटोसाठी असते, डोळ्यासाठी नाही. आयपीसमध्ये आटे फिरवून बसवायचा जुना काळा सोलर फिल्टर उष्णतेने तडकू शकतो. तो फेकून द्या. तेजोमेघांच्या फोटोसाठी मिळणारा काही नॅनोमीटरचा एच-अल्फा फिल्टर नावाने सारखा असला तरी सूर्याकडे लावायचा नाही, डोळा जाईल. तयार दुर्बीण स्वच्छ करायला उघडायची नाही, आणि पावसाळ्यात ती सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवायची.

माझा कौल असा. दुर्बीण आहे पण सूर्य अजून कधी पाहिलेला नाही, तर या हंगामात फिल्म घ्या आणि रोज डागांचं चित्र काढा. सौरचक्र 25 चा, म्हणजे डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराच्या सध्याच्या फेरीचा, बहर सुरू असल्याचं नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान-सागर संस्था) यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलं. उतरणीच्या पहिल्या काही वर्षांतही डाग भरपूर असतात. सकाळी नेमाने गच्चीवर जायची सवय टिकली, तर पुढच्या वर्षी 40 मिलिमीटरची तयार हायड्रोजन-अल्फा घ्या, आणि फिल्म विकू नका. चक्र उतरत जाईल तसे साध्या फिल्टरमध्ये कोरी तबकडी दिसण्याचे दिवस वाढतील; 2019 मध्ये वर्षातले बहुतेक दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. कडेवर एखादा लहानसा प्रॉमिनन्स मात्र तशा दिवसांतही बऱ्याचदा सापडतो, आणि तो बघायला हायड्रोजन-अल्फाच लागते.