गजराचं घड्याळ, २४० रुपये: नऊ महिन्यांनंतर

गेल्या सोमवारी घड्याळ तीन वाजून दहा मिनिटांवर थांबलं आणि मी साडेसातला उठले, म्हणून आज हे लिहायला बसलेय. मागचं झाकण काढलं तर सेल पाझरलेला, स्प्रिंगवर पांढरट-हिरवी बुरशी. दुकानदार म्हणे, "ताई, सेल गळला तर वॉरंटीत बसत नाही." सेल त्यानंच घालून दिलेला! वीस मिनिटं हुज्जत घातली. शेवटी म्हणाला, नवीन घ्या, दहा टक्के कमी करतो. म्हणजे २४ रुपये. मी सरळ पुलाखालच्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी पॉलिश पेपरनं स्प्रिंग घासली, तीस रुपये घेतले आणि स्वस्तातला सेल नऊ महिने आत कुजवत ठेवल्याबद्दल मलाच झापलं.

घड्याळ घेतलं ते फोन झोपायच्या खोलीबाहेर काढायला. मी शब्दकोडी करते. सूत्रं सुचतात ती पहाटे, अर्धवट झोपेत. फोनवर गजर असताना तो बंद करायला हात जायचा आणि बंद करता करता मेसेज दिसायचा, आज टँकर उशिरा येणार. मग टँकरवरून कोण काय बोललं ते. तोवर सुचलेलं पार पुसलेलं.

२०१७ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांचे फोन टेबलावर उपडे ठेवले, काहींचे खिशात किंवा बॅगेत, काहींचे दुसऱ्या खोलीत. एकाग्रता लागणाऱ्या चाचण्यांत दुसऱ्या खोलीवाले टेबलवाल्यांपेक्षा सरस ठरले. पहिला महिनाभर मी हे सांगून घरच्यांचे कान किटवले. पुढे वाचलं की नंतरच्या प्रयोगांत दर वेळी तसाच निकाल आला नाही. माझंही तसंच झालं. दुसऱ्या महिन्यात रात्री पाणी प्यायचं निमित्त काढून हॉलमध्ये उभ्या उभ्या अर्धा तास रील बघायला लागले. तेव्हा रात्रीचं श्रेय घड्याळाला शून्य.

पहाटेचं मात्र द्यायलाच हवं. फोन हॉलमध्ये, फरशी गार, पांघरुणातून पाय काढवत नाही. परवा तसंच पडल्या पडल्या जुळलं: 'कर्जासाठी बँकेला दाखवा उलटं तप (दोन अक्षरी)'. उत्तर पत. उशीखालच्या वहीत अंधारातच लिहिलं, अक्षर कावळ्याच्या पायांसारखं, पण लागलं.

आता खरा मुद्दा. या घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही! तबकडी बाराच तासांची, त्यामुळे पहाटे साडेपाचचा गजर संध्याकाळी साडेपाचलाही वाजतो. गजर बंद केल्यावर खटका रात्री आठवणीनं परत वर करायचा, नाहीतर पहाटे वाजतच नाही. मी दोनदा विसरले. मग खटका कायम वरच ठेवला, सकाळी वरचं बटण नुसतं दाबायचं. तर रोज संध्याकाळी टीटीट टीटीट. आतला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो म्हणे, इतका शहाणा, आणि दिवस की रात्र एवढं कळू नये? त्यात गजराचा काटा पाचेक मिनिटं इकडेतिकडे, ते वेगळंच. पहिले तीन महिने मी याला एकच तारा देणार होते.

सासूबाईंनी प्रश्न सोडवला. संध्याकाळचा गजर वाजला की त्या आतून म्हणतात, "कोंबडा आरवला गं, चहा टाक." चहा करून मी हॉलमधला फोन न उचलता गॅलरीत बसते. का, ते मलाही सांगता येणार नाही, पण कोड्याच्या आडव्या-उभ्या चौकटी हल्ली तिथेच जुळतात.

साडेतीन तारे. अर्धा सेलपायी कापला, एक त्या काट्यापायी. संध्याकाळच्या गजराचं काहीच कापलेलं नाही. घड्याळ दुरुस्तीला होतं त्या दोन दिवसांत चहाला सहा वाजले. सासूबाईंनी विचारलंच, "कोंबडा कापलास की काय?"