बी.ए. मानसशास्त्रानंतर: क्लिनिकल की संवादाचा अभ्यास?

यवतमाळ-वाशिमकडच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलेल्या पोरापोरींना पुढे क्लिनिकलच, म्हणजे मानसिक त्रासावर उपचार करणारी शाखाच दिसते. माणसं आपसात कशी बोलतात, यावरच आयुष्य घालवणारे मानसशास्त्रज्ञही असतात.

पैशाचं आधी. क्लिनिकलला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि मग नोंदणी लागते. जागा मोजक्या, पण पुढे दवाखान्यात काम करता येतं, स्वतःची पाटीही लावता येते. संवादाच्या अभ्यासकाला पाटी नाही. ‘नेट’ परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७ हजार, मग पीएच.डी., मग प्राध्यापकीची वाट पाहणं. घरचं कर्ज कापसाच्या भावावर अवलंबून असेल तर मी क्लिनिकलच सांगेन.

कामाबाबत मात्र माझा कल उघड आहे. क्लिनिकलमध्ये समोरच्याचा त्रास कमी करायला बोलायचं. संवादाच्या अभ्यासात दुसऱ्यांचं बोलणं मोजायचं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क यांनी आधी प्रयोगशाळेत नकारार्थी वाक्य समजायला किती वेळ लागतो ते मोजलं, नंतर ते बोलणाऱ्या जोड्यांकडे वळले. १९८६ च्या प्रयोगात एकाने विचित्र आकृत्यांचं वर्णन करायचं, दुसऱ्याने पहिल्याची मांडणी न बघता, आपल्यासमोरच्या आकृत्यांतून त्या ओळखून त्याच क्रमाने लावायच्या. पहिल्या फेरीत लांबलचक वर्णन, सहाव्या फेरीत एका आकृतीला सरासरी आठेक शब्द. कृषी सहायक आणि शेतकरी पऱ्हाटीवरच्या बोंडअळीबद्दल बोलतात तेव्हाही असंच होतं. पोळ्यापर्यंत नुसतं ‘मागचंच का?’ पुरतं.

२००९ मध्ये दहा भाषांतली प्रश्नोत्तरं तपासली गेली. उत्तर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात येतं, होकार लवकर, नकार उशिरा. त्या दहांत एकही भारतीय भाषा नव्हती. वऱ्हाडी, झाडीबोली, कोरकू कानावर घेऊन वाढलेल्याला इथे मोकळं रान आहे. आशाताईला ‘येतो न दवाखान्यात’ म्हणण्याआधी माणूस किती थांबतो, हे पुण्या-मुंबईचा अभ्यासक कितपत पकडेल?

भाषाविज्ञान वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात आहे, म्हणजे घराजवळ. प्रयोग आणि आकडेवारी पक्की करायची तर अलाहाबाद विद्यापीठ किंवा आयआयटी गांधीनगरचं संज्ञानात्मक विज्ञान (मन विचार कसा करतं, भाषा कशी समजून घेतं याचा अभ्यास) बघा.

ठरत नसेल तर पारावरच्या गप्पा, सगळ्यांची परवानगी घेऊन, दहा मिनिटं मोबाइलवर टिपा आणि ‘अं’, ‘हं’, मधले थांबे, एकमेकांच्या वाक्यात घुसणं, सगळं कागदावर उतरवा. बरेच तास जातील. जीव उबगला तर क्लिनिकलचा फॉर्म भरा.