सीमाभागाचा कोटा सांगून आमच्याकडून ९०,००० काढले: मुलांना नर्सिंगसाठी कर्नाटकात पाठवणाऱ्यांनी वाचावं

मुलीच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या ॲडमिशनपायी माझे १,१७,००० रुपये गेले. त्यातले ५,००० परत आले. मुलगी घरी आहे, वर्ष वाया गेलं. निम्म्या नातेवाइकांना अजून सांगितलेलं नाही. ‘दुकानाचे हिशेब लिहिणारा माणूस, आणि असा कसा फसला?’ हे ऐकायची ताकद नाही. पण बारावीचे निकाल लागले की ॲडमिशनचे हेच एजंट पुन्हा हॉल भाड्याने घेऊन बसणार, म्हणून लिहितोय.

मला कोणी भोळा समजू नये. माझा पगार १९,०००, बायको शाळेचे गणवेश शिवते, त्यातून पाच-सहा हजार येतात. मुलीने महाराष्ट्राची नर्सिंग सीईटी दिली होती. सुरुवातीच्या फेऱ्यांत सरकारी कॉलेज लागलं नाही आणि खासगीत मॅनेजमेंट सीटचा (कॉलेज स्वतः जास्त फी घेऊन भरतं त्या जागेचा) आकडा ऐकून मी उठून बाहेर आलो. सोलापूरच्या माणसाला कर्नाटक परकं नाही. विजापूर, कलबुर्गीला आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतं, उद्यान एक्सप्रेस थेट बेंगळुरूला नेऊन सोडते. ओळखीतल्या दोन मुली तिकडेच शिकून आज दवाखान्यात नोकरीला आहेत. मग कमी पैशांत तिकडे पाठवायचा विचार केला, यात माझं काय चुकलं?

हॉटेलातला हॉल, बॅनर, ‘स्पॉट ॲडमिशन’, टेबलावर कॉलेजांची माहितीपत्रकं. हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. मलाही होता. म्हणून तर मी पहिल्या दिवशी एक रुपया दिला नाही. मी अडकलो ते दुसऱ्याच गोष्टीत. तिथला एजंट म्हणाला, "काका, तुम्ही सोलापूरचे ना? मग तुम्हाला सीमाभागाचा कोटा आहे. बाहेरच्यांना मॅनेजमेंटची फी, तुम्हाला सरकारी सीटची."

आणि हा कोटा खरंच आहे! घरी येऊन मी मोबाइलवर शोधलं. कर्नाटकच्या सीईटीच्या नियमांत ‘गडिनाडू कन्नडिग’ म्हणजे सीमाभागातले कन्नड भाषक, अशी तरतूद आहे. त्यात महाराष्ट्रातले दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज हे तालुके नावानिशी दिले आहेत. ते वाचलं आणि माझा त्या माणसावर विश्वास बसला. पुढच्या अटी मी वाचल्या नाहीत असं कोणी म्हणेल. इंग्रजीतली ती लांबलचक पुस्तिका आमच्यासारख्याने कशी वाचायची? अटी अशा: मुलांची मातृभाषा कन्नड हवी, शिक्षण त्याच तालुक्यांत झालेलं हवं, कन्नडची परीक्षा द्यावी लागते, आणि मुळात त्यांची सीईटी दिलेली हवी. आमच्या घरात मराठी. मुलगी शहरातल्या शाळेत शिकली, त्यांची सीईटी दिलेली नाही. म्हणजे चार अटींपैकी एकही पूर्ण होत नव्हती, आणि त्या माणसाला ते पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. तिची दहावी-बारावीची गुणपत्रकं त्याच्याच हातात होती.

एवढं लक्षात ठेवा, ही माणसं नुसतं खोटं बोलत नाहीत. खरा नियम दाखवतात आणि त्यातल्या अटी गिळतात. शिष्यवृत्तीचंही तेच. ‘महाराष्ट्राची शिष्यवृत्ती तिकडेही मिळते’ असं तो छातीठोक सांगत होता. अनुसूचित जातीच्या मुलांची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती राज्याबाहेर शिकतानाही आपलंच राज्य देतं, ते खरं. पण आम्ही ओबीसी. २०२४ पासून मुलींना जी शंभर टक्के शुल्कमाफी मिळते, ती महाराष्ट्रातल्या कॉलेजात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच मिळते. म्हणजे इथेच पुढच्या फेऱ्यांसाठी थांबलो असतो तर कदाचित फी माफ झाली असती! त्याने ‘आता फेऱ्या संपल्या’ सांगितलं. फेऱ्या संपल्या नव्हत्या. एजंटचं ऐकून सीईटी सेलच्या वेळापत्रकाकडे पाठ फिरवू नका.

पैसे असे गेले. सीट बुकिंगचे ११,००० यूपीआयने. मग ‘हॉस्टेल-मेससकट पहिल्या वर्षाची बाकी फी’ म्हणून ५४,००० बँकेतून. मग कोट्याच्या कागदपत्रांसाठी २५,००० रोख. बायकोची भिशी लागली होती, ते ४०,०००. तिच्या पाटल्या गहाण ठेवल्या, त्याचे ५०,०००.

५४,००० ज्या खात्यात भरले ते कॉलेजच्या नावाचं नव्हतं, कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चं चालू खातं होतं. पावती कन्सल्टन्सीची. त्यावर बारीक अक्षरात ‘सल्ला शुल्क, परत मिळणार नाही’. मुलीने ती हातात घेतली आणि म्हणाली, "बाबा, यावर कॉलेजचं नावच नाही." मी तिथल्या तिथे त्याला विचारलं. तो म्हणाला, कॉलेजची पावती वर्ग सुरू झाले की मिळेल, सगळ्यांना तशीच मिळते. शेजारी लातूरहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांनीही मान डोलावली. रोज पन्नास बिलं तपासणारा माणूस मी. मालकाच्या दुकानात अशी पावती आली असती तर व्यापाऱ्याच्या तोंडावर फेकली असती. तिथे मात्र सीट जाईल या भीतीने गप्प बसलो. मुलीचं ते वाक्य आजही झोपू देत नाही.

दुसरी खूण बँकेत मिळाली होती. शैक्षणिक कर्जाची चौकशी केली तर साहेबांनी कॉलेजच्या लेटरहेडवर प्रवेशपत्र आणि वर्षनिहाय फी मागितली. एजंट म्हणाला, "कर्जाच्या भानगडीत पडू नका, कॉलेजच हप्ते करून देतं." कर्ज घ्यायचं नसलं तरी बँकेत जा. बँक जे कागद मागते तेच एजंटकडे मागा. जो कागद देत नाही, त्याला पैसे देऊ नका.

कॉलेजात पोचलो तर फी वर्षाला १,४०,०००. हॉस्टेल-मेस वेगळे ७०,०००. आमच्या नावावर जमा होते फक्त २०,०००. कोटा शब्द ऐकून क्लार्कने मान वर केली आणि सांगितलं, ही मॅनेजमेंट सीट आहे. मुलीला ठेवून घेण्यासाठी हॉस्टेलची अनामत म्हणून १२,००० आधीच भरून घेतले होते, तेही गेले. दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं सोडवायला वर १५,००० ‘कॅन्सलेशन’. हे २७,००० मी मालकाकडून उचल घेऊन भरले. मूळ कागदपत्रं कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत आणि प्रवेश रद्द केला तर तारखेप्रमाणे फी परत द्यावी लागते, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच जाहीर केलेलं आहे. ते मला परतीच्या गाडीत कळलं. मूळ गुणपत्रक कोणाच्याही हातात देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिले ना?" मग, हा दिवाणी वाद आहे. मग, खातं पुण्याचं आहे, पुण्यात जा. पुण्यात म्हणाले, कॉलेज कर्नाटकात आहे, तिकडे द्या. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून गुन्हा नोंदवायचं टाळता येत नाही. मी तो छापील कागद टेबलावर ठेवला, तर साहेबांनी तो न वाचता माझ्याकडे सरकवला. खातेदार कोण हे बँक सांगेना, पोलिसांचं पत्र आणा म्हणे. पोलीस पत्र देईनात, आधी माहिती आणा म्हणे. शिक्षण कार्यालयात सांगितलं, नर्सिंग आमच्याकडे येत नाही. केंद्राच्या एका पोर्टलवर तक्रार टाकली, ती ‘संबंधितांकडे पाठवली’ असा शेरा मारून बंद केली. संबंधित कोण? प्रत्येक टेबलाला फक्त पुढचं टेबल माहीत आहे. बायकोच्या पाटल्यांवर व्याज चढतंय आणि मी झेरॉक्सच्या दुकानात उभा आहे. फसवणारा एकदा लुटतो, यांनी तर माझा पगार कापून घ्यायला लावला. रजा संपल्या, आता बिनपगारी चालू आहे.

एजंटने ५,००० पाठवले ते मी वकिलाचं नाव काढल्यावर. नंतर त्याने फोन उचलला नाही.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मला ते उशिरा कळलं, तोवर खातं रिकामं झालं होतं. रोख देऊच नका. माझ्या २५,००० चा कागदावर कुठेच पुरावा नाही. कॉलेजचं नाव कर्नाटकच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत आहे का, त्याला किती जागा मंजूर आहेत, हे स्वतः बघा आणि कॉलेजच्या ऑफिसला तुम्ही शोधलेल्या नंबरवर फोन करा. एजंटने दिलेल्या नंबरवर त्याचाच माणूस बोलतो.

मी आता पोलीस आयुक्तांना पोस्टाने अर्ज पाठवला आहे. त्यानेही गुन्हा नोंदला नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार. सोलापूर, धाराशिव, लातूर भागात अशाच ‘सीमाभागाच्या कोट्या’साठी कोणी पैसे दिले असतील तर पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि फोनवरचे मेसेज जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका. एकट्याचा अर्ज बाजूला पडतो. पाच-सहा घरांच्या सह्या आल्या तर निदान एक गुन्हा नोंदवून घेता येईल.