हरवलेली चर्चं शोधायचीत? ठाणे-नवी मुंबईसाठी कुठला जुना नकाशा आधी उघडायचा

ठाणे, घोडबंदर, बेलापूर, उरण या पट्ट्यातली पडलेली किंवा पूर्ण गायब झालेली पोर्तुगीज काळातली चर्चं आणि छोटी चॅपेलं नकाशावरून शोधायची म्हटलं की बहुतेक जण एकच सल्ला देतात, सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे वाटा, पाणी, उंचवटे दाखवणारा मोजणीचा नकाशा, घ्या. मला तो सल्ला अर्धाच पटतो. आधी बघा तुमच्या हातात काय आहे. नाव वाचलंय पण जागा सापडत नाही, की जागा दिसतेय, म्हणजे एखादा चौथरा, चुन्यातली जाड भिंत, झाडीत उभा क्रूस, पण ते नक्की काय होतं ते कळत नाही? हे दोन वेगळे शोध आहेत आणि दोघांना नकाशे वेगळे लागतात.

आपल्याकडची मुख्य अडचण आधी समजून घ्या. १५३४च्या तहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला, फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या ख्रिस्ती संघांच्या पाद्र्यांनी साष्टी बेटापासून उरणच्या करंजा बेटापर्यंत चर्चं बांधली, मग १७३७ला मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई. पोर्तुगीज गेले, पाद्री गेले, बरीच चर्चं ओस पडली. इंग्रजांनी ठाणे घेतलं १७७४ला आणि साखळी लावून केलेली मोजणी गावोगाव पोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. म्हणजे चर्चं उभी होती तेव्हा मोजून काढलेले नकाशे नव्हते, आणि मोजणी आली तोवर चर्चं पडली होती. म्हणून कुठलाही एक नकाशा तुम्हाला नाव आणि जागा दोन्ही देणार नाही, जोडी लावावीच लागते.

पोर्तुगीज काळातले आराखडे घ्या आधी, कारण सगळ्यांना मोह त्यांचाच होतो. १६३५चा अंतोनियो बोकारोचा किल्ल्यांचा ग्रंथ, त्यातली पेद्रो बारेतो दे रेझेंदेची रंगीत चित्रं, त्यात वसई आहे, मुंबई बेट आहे, बघत बसावं इतकी सुंदर. पण ती वरून तिरकं बघितल्यासारखी काढलेली आहेत, स्केलचा भरवसा नाही, महत्त्वाची इमारत मोठी आणि बाकीचं बारीक. वसई किल्ल्याच्या तटाच्या आत कुठलं चर्च कुठल्या दरवाजाच्या बाजूला होतं असा क्रम लावायला उपयोग होतो, कारण तट आजही उभा आहे. तटाबाहेरच्या गावातलं चॅपेल यावरून शोधायला जाऊ नका, अंदाज एका गावावरून दुसऱ्या गावात जाईल.

टोपोशीटचं तसं नाही, ती मोजलेली आहे. जुनी १ इंच म्हणजे १ मैल वाली, नवी १:५०,०००ची. ठाणे शहर ४७ ए/१६ वर, घोडबंदर आणि वसई ४७ ए/१५ वर, बेलापूर ४७ ई/४ वर, पनवेल ४७ एफ/१ वर आणि उरण ४७ बी/१३ वर येतं, म्हणजे नवी मुंबईवाल्यांना पहिल्याच दिवशी चार शीट जोडत बसायचंय हे धरून चाला. नव्या ओपन सिरीजमध्ये हेच नंबर ई४३ए१६ अशा पद्धतीने लिहिलेले असतात आणि त्यांच्या पीडीएफ सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून मिळतात. मर्यादा स्केलची आहे. इंचवाल्या शीटवर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर, एवढ्यात अख्खं चॅपेल अंगणासकट मावतं. शिवाय चर्चची खूण वापरात असलेल्या चर्चला मिळायची, पडक्या भिंतींना मिळेलच असं नाही. मग टोपोशीट कशाला? तर आजूबाजूसाठी. जुनी पायवाट कुठून जायची, बंदर कुठे होतं, खाडीचं पाणी कुठपर्यंत यायचं, तळं कुठे, विहीर कुठे. चर्च वस्ती, पाणी आणि वाट बघून बांधलेलं असायचं, त्यामुळे जिथे तीन पायवाटा एका छोट्या उंचवट्याशी मिळतात आणि आज तिथे काहीच नाही, अशी जागा दिसली की मी तिथे पेन्सिलने गोल करते.

जुनी शीट एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेली आणि तुमचा मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो, म्हणजे दोघांनी पृथ्वीचा आकार थोडा वेगळा धरलाय, त्यामुळे शीटच्या कडेचे अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये टाकले तर जागा सरकते. त्यापेक्षा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये शीट ओढून जमिनीवर न हललेल्या गोष्टींना बांधा. ठाण्यात त्या भरपूर आहेत, मासुंदा तलावाचे कोपरे, ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं सेंट्रल जेल, कोपिनेश्वर, सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च. खाडीचा काठ मात्र बिंदू म्हणून घेऊ नका, भराव आणि तिवरं दोन्हीमुळे तो बदललाय. तीन बिंदूंवर शीट बसते, पण आठ-दहा घेतले तरच चूक कुठे आहे ते दिसतं.

आता माझा आवडता, गाव नकाशा. भूमी अभिलेखचा, सर्व्हे नंबरांचा. प्रमाण गावानुसार बदलतं, पण १ इंच म्हणजे ३३० फूट असा नकाशा मिळाला तर १ मिलिमीटर म्हणजे जेमतेम ४ मीटर, टोपोशीटच्या सोळापट बारीक. आणि मुद्दा फक्त बारकाईचा नाही. इमारत पडते, दगड लोक घराला नेतात, पण जमिनीची हद्द टिकते, कारण हद्दीवर मालकी आणि सारा दोन्ही अवलंबून असतात. भाताच्या खाचरांच्या लांबट पट्ट्यांमध्ये मधेच एखादा छोटा चौकोनी नंबर, पोटखराब्यात म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत टाकलेला, शेजारी दफनभूमी, असं दिसलं की थांबायचं, जुना सातबारा आणि फेरफार म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी काढायच्या आणि इतर हक्काचा रकाना वाचायचा. दोष दोन आहेत. एक, गावठाण या नकाशावर बहुतेक कोरंच सोडलेलं असतं, आतली घरं दिसतच नाहीत, त्यासाठी सिटी सर्व्हेची शीट लागते. आणि दुसरं, ऑनलाइन महाभूनकाशावर आजची हद्द दिसते, तुम्हाला हवी जुनी, म्हणजे ऑफिसात अर्ज, नक्कल फी आणि वाट बघणं आलंच.

नवी मुंबईत तर हा दुसरा दोष फारच जाणवतो. १९७०ला सिडको आली, ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं आणि शेताचे बांध सेक्टरखाली गेले. इथे कोरोना उपग्रहाचे फोटो कामाला येतात. अमेरिकेने १९६० ते १९७२ मध्ये काढलेले हेरगिरीचे फोटो १९९५ला खुले केले, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या साइटवर स्कॅन झालेले फुकट मिळतात. शेवटच्या कॅमेऱ्यांचे फोटो साधारण १.८ मीटरपर्यंत बारीक आहेत, त्यात बांध, खाजण, मिठागरं, गावाबाहेरची झाडी सगळं दिसतं. ठाण्यातही १९६२ला एमआयडीसी आणि पाठोपाठ वागळे इस्टेट यायच्या सुमाराची जमीन यात बघायला मिळते, गूगल अर्थचे जुने फोटो मात्र तिथवर मागे जातच नाहीत. पण फोटोला नाव नसतं, भिंत देवळाची, वखारीची की चर्चची ते तो सांगत नाही, आणि फिल्मच्या पट्टीच्या टोकांना फोटो ताणलेला असतो. म्हणून कोरोना एकटा नको, जुन्या गाव नकाशाबरोबरच घ्या.

अमेरिकन आर्मीचे १९५०च्या दशकातले १:२,५०,०००चे नकाशेही टेक्सास विद्यापीठाच्या साइटवर आहेत, गावांची जुनी स्पेलिंग बघण्यापलीकडे या कामात त्यांचा उपयोग नाही.

नाव कुठून मिळवायचं म्हणाल तर नकाशाआधी १८८२चं ठाणा जिल्ह्याचं गॅझेटियर वाचा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला चौदावा खंड, त्यात गाववार स्थळं आहेत. तेव्हाच्या ठाणा जिल्ह्यात साष्टी, वसई, कल्याणबरोबर पनवेलही होतं, त्यामुळे दोन्ही शहरांना एकच खंड पुरतो आणि सरकारी साइटवर तो फुकट आहे. आज भुईसपाट झालेल्या कितीतरी भिंती तेव्हा उभ्या होत्या.

मग ठरवायचं कसं? ठाणे शहरातलं चर्च असेल तर गॅझेटियर आणि सिटी सर्व्हे, बाकी नंतर. घोडबंदर पट्ट्यात नाव माहीत असेल तर आधी गाव नकाशा, नुसती भिंत दिसली असेल तर आधी टोपोशीट, म्हणजे ती भिंत जुन्या वाटेवर होती का ते कळेल. वाशी-बेलापूर-पनवेल असेल तर कोरोना आणि जुना गाव नकाशा, आणि इथे चर्चं साष्टी-वसईच्या मानाने फारच कमी सापडतील ही तयारी ठेवा. पैसे आणि वेळ दोन्ही कमी असतील तर गॅझेटियर अधिक टोपोशीट, तेवढ्यातही गाव पक्कं होतं.

मात्र हरवलेल्याच्या मागे लागण्याआधी माहीत असलेल्या जागेवर तुमची पद्धत तपासा. उरणला द्रोणागिरीवर पेन्या मातेच्या चर्चचे अवशेष आहेत, बोरिवलीला मंडपेश्वरच्या शैव लेण्यांच्या डोक्यावर पोर्तुगीज बांधकामाचे अवशेष उभे आहेत. तुमच्या जोडलेल्या नकाशाने मंडपेश्वर दोनशे मीटर बाजूला दाखवलं तर अनोळखी जागेबद्दल तो खरं सांगेल असं धरू नका. अंधेरीच्या सीप्झमधलं १५७९चं सेंट जॉन बॅप्टिस्ट वेगळ्या कारणासाठी बघा. १८४०च्या सुमाराला साथीमुळे लोकांनी ते सोडलं आणि पॅरिश, म्हणजे त्या चर्चची भाविक मंडळी, मरोळला हलली. वस्ती हलली की चर्चचं नाव, मूर्ती, नोंदी सगळं तिच्याबरोबर जातं, त्यामुळे आजच्या चर्चच्या पाटीवर सोळाव्या शतकातलं साल दिसलं म्हणून मूळ इमारत तिथेच होती असं समजू नका. पॅरिशच्या फादरना आणि गावठाणातल्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळ ख्रिस्ती, कुटुंबांना विचारा, नकाशा सोबत न्या, म्हाताऱ्या माणसांना सर्व्हे नंबर पाठ असतात.

आणि जागा सापडली तर नकाशावर टाचणी मारण्यापेक्षा वर्तुळ काढा, टोपोशीटवरून काढलं असेल तर शंभरेक मीटर त्रिज्येचं, गाव नकाशावरून असेल तर दहा-वीस मीटरचं, बाजूला लिहा की कशावरून. उघड्यावरचे, संरक्षित नसलेले अवशेष असतील तर नेमकं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, गुप्तधनाच्या नादाने खणणारे लोक आहेत आणि त्यांनी एकदा फरशी उखडली की खालची थडगी आणि पाया दोन्ही गेले. फोटो, माप आणि सर्व्हे नंबर पुरातत्त्व खात्याला आणि पॅरिशला लेखी द्या.