आमच्या डेंटल कॉलेजचा रिव्ह्यू: कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये

"तुमचं कॉलेज कसंय, घेऊ का ॲडमिशन" असे मेसेज ॲडमिशनच्या सीझनला येतातच आणि दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. नाव टाकत नाहीये कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहायचंय. पण जे मुद्दे आहेत ते कुठल्याही डेंटल कॉलेजला लावून बघता येतील.

विचारणारे सगळे बिल्डिंग, हॉस्टेल, रँकिंग एवढंच विचारतात. अरे बाबांनो, डेंटल हे हाताचं काम आहे. मेडिकलवाल्याचा हात पास झाल्यावर पुढच्या ट्रेनिंगमध्ये सिनियरच्या नजरेखाली बसतो, आपल्याकडे मात्र बऱ्याच ठिकाणी डिग्री आणि रजिस्ट्रेशन हातात पडलं की जिवंत माणसाच्या दाढेत एकट्याने एअरोटर (दात कोरायचं वेगवान ड्रिल) घालायला मोकळे. त्यामुळे कॉलेजला असताना तुमच्या हाताखालून किती पेशंट जातात आणि त्यातले किती पहिल्या तपासणीपासून शेवटपर्यंत तुम्हीच करता, बाकी सगळं याच्यानंतर. माझा रिव्ह्यू पण ह्याच एका फुटपट्टीने आहे.

सुरुवातीच्या वर्षांत ॲनॅटॉमी, फिजिओलॉजी वगैरे सगळीकडे असतंच, त्यात फार फरक नसतो. फरक पडतो तो प्री-क्लिनिकल लॅबमध्ये, म्हणजे पेशंटला हात लावायच्या आधी जिथे सराव करतात तिथे. आमची फँटम लॅब हा कॉलेजचा सगळ्यात भारी भाग. प्रत्येकाला स्वतःचं फँटम हेड (सरावासाठीचं नकली डोकं), चालू पाण्याची लाइन असलेला हँडपीस (ड्रिलचा हातात धरायचा भाग), आणि मुख्य म्हणजे लेक्चर संपल्यावर पण लॅब उघडी असायची, हे फार कमी ठिकाणी असतं. वरच्या दाढांचं काम आरशात बघूनच करायचं हा नियम पहिल्या दिवसापासून, मान वाकडी करून डायरेक्ट बघायला लागलात की मॅडम मागून येऊन खांदा सरळ करणार. तेव्हा वैताग यायचा. पण वाकून वाकून मान आणि पाठ धरलेले डेंटिस्ट कितीतरी आहेत, विचारा कोणालाही.

क्राउन कटिंगचं, म्हणजे दातावर क्राउन (टोपी) बसवण्यासाठी दात घासण्याचं, एक सांगतो. दात चारी बाजूंनी घासून वर किंचित निमुळता करायचा असतो आणि खाली कुठे अंडरकट (आत गेलेली खाच) राहिला तर क्राउन बसणारच नाही. आमचे सर टायपोडॉन्ट (नकली दातांचं मॉडेल) हातात घ्यायचे, एक डोळा मिटायचे आणि वरून बघायचे. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर छोटा अंडरकट लपून जातो, एका डोळ्याने चारी बाजूंची मार्जिन (घासलेल्या भागाची कड) एकदम दिसली पाहिजे. नाही दिसली की काही न बोलता पेन्सिलने त्या जागी रेघ मारून परत. एवढ्या बारकाईने बघणारा माणूस लॅबमध्ये आहे का हे विचारा, नुसती लॅब चकाचक असून उपयोग नाही. आणि काढलेल्या खऱ्या दातांवर काम करायला देतात का तेही विचारा, कारण प्लॅस्टिकचा दात सगळीकडून सारखाच कापला जातो, खऱ्या दातात कडक इनॅमल संपून मऊ डेन्टिन लागलं की हाताला जे जाणवतं ते प्लॅस्टिकमध्ये कधीच कळत नाही.

आता क्लिनिक. इथे कॉलेजचे मार्क कमी होतात.

पेशंटला तोटा नाही, ओपीडी सकाळी भरलेली असते. ओरल सर्जरीच्या पोस्टिंगला एवढी एक्स्ट्रॅक्शन्स (दात काढायच्या केसेस) मिळतात की इंजेक्शनची भीती पहिल्या काही दिवसांतच जाते. स्केलिंग (दातांची सफाई), फिलिंग पण भरपूर. पण दाढेची रूट कॅनाल? ती पीजीकडे, म्हणजे डिग्रीनंतर पुढचं शिकणाऱ्यांकडे जाते. ज्या कॉलेजला पीजी आहे तिथे हे होणारच, कारण त्यांना पण केसेस लागतात, आणि अवघड, इंटरेस्टिंग केस आली की ज्युनियरने बाजूला उभं राहून सक्शन धरायचं. बघून शिकायला मिळतं हे खरं, पीजी नसलेल्या कॉलेजात तसल्या केसेस बघायलाही मिळत नाहीत. पण बघणं आणि करणं यात फरक आहे ना राव. आमच्या बॅचची पुढच्या दातांची रूट कॅनाल व्यवस्थित झाली, दाढेची मात्र बऱ्याच जणांनी पास झाल्यावर बाहेर नोकरी करताना शिकली.

मग कोटा. बहुतेक कॉलेजांत वर्षाला अमुक फिलिंग, तमुक डेन्चर (कवळ्या) असा कोटा असतो, तो किती आहे हे सगळे विचारतात पण कसा मोजतात हे कोणी विचारत नाही. कम्प्लीट डेन्चर घ्या. प्रायमरी इम्प्रेशन, फायनल इम्प्रेशन (दोन वेळा माप), जॉ रिलेशन (दोन्ही जबडे कसे जुळतात ते नोंदवणं), ट्राय-इन (घालून बघणं), इन्सर्शन (बसवणं) म्हणजे पेशंटच्या किमान ५ फेऱ्या, नंतर टोचतंय म्हणून येतात ते वेगळंच. जॉ रिलेशनपर्यंत आलेले आजोबा गावाला गेले की संपलं, सगळं पहिल्यापासून. आमच्याकडे पूर्ण झालेलीच केस मोजायचे, त्यामुळे वर्षाच्या शेवटी सगळे वेड्यासारखे बिनदाताचे पेशंट शोधत फिरायचे आणि नातेवाइकांना गळ घालायचे. काही ठिकाणी स्टेपनुसार मार्क देतात, ते जास्त बरं. आणि पेशंट कॉलेज देतं की तुम्ही आणायचा, हे तर ॲडमिशनच्या आधी सरळ तोंडावर विचारायचं.

सगळ्यात जास्त डोकं फिरायचं ते सहीमुळे. प्रत्येक स्टेपला स्टाफची सही लागते, जी लागायलाच पाहिजे, पण एन्डोला (रूट कॅनालच्या डिपार्टमेंटला) एका स्टाफमागे एवढी मुलं की पेशंट रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावून तोंड उघडं ठेवून पडलाय आणि आपण हातात फाइल धरून लाइनीत. अर्ध्या तासाचं काम अख्खा दुपारभर चालतं, पेशंट वैतागतो आणि पुढच्या अपॉइंटमेंटला येतच नाही. ओपीडीत एका स्टाफभोवती किती ॲप्रन उभे आहेत हे नुसतं लांबून बघा, अर्धा रिव्ह्यू तिथेच मिळेल.

इन्फेक्शन कंट्रोलला मात्र पूर्ण मार्क. हँडपीस प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हला (वाफेने जंतू मारायच्या मशीनला) जायचे, नुसते स्पिरिटने पुसून दुसऱ्याच्या तोंडात नाही. १२१ डिग्रीला १५ मिनिटं किंवा १३४ ला ३ मिनिटं हा झाला प्रत्यक्ष स्टरलायझेशनचा वेळ, पण मशीन गरम होणं, सुकणं, थंड होणं धरून बराच वेळ जातो, म्हणजे हँडपीसचे जादा सेट नसतील तर कुठेतरी शॉर्टकट मारला जातोच. हे सेट किती आहेत ते विचारा. हिपॅटायटिस बीची लस झाल्याशिवाय आम्हाला क्लिनिकमध्ये पाय ठेवू देत नव्हते आणि सुई टोचली तर कुठे जायचं याचा कागद प्रत्येक डिपार्टमेंटच्या भिंतीवर होता.

मशीन्सच्या नादाला फार लागू नका. आमच्याकडे पण सीबीसीटी (थ्रीडी एक्स-रे) आहे, इंट्राओरल स्कॅनर (तोंडात फिरवून दातांचं डिजिटल माप घेणारा) आहे, कॉलेज दाखवायला नेतात तेव्हा आधी तिथेच नेतात. स्कॅनर कुलपात. विद्यार्थ्याने शेवटचा कधी वापरला हे विचारल्यावर दाखवणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यापेक्षा साधा डिजिटल एक्स-रे चेअरजवळ आहे का, रूट कॅनालच्या मध्येच पेशंटला उठवून दुसऱ्या मजल्यावर न्यावं लागतं का, हे बघा.

डावखुरे असाल तर एक गोष्ट नक्की बघा, कोणी सांगत नाही. डेंटल चेअर बहुतेक करून उजव्या हाताच्या हिशोबाने बसवलेली असते, ट्रे, सक्शन सगळं. आमच्याकडे दोन्ही बाजूंना वळणाऱ्या मोजक्याच चेअर होत्या आणि माझी डावखुरी पार्टनर त्या मिळवायला सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

खर्चाचं थोडक्यात: फी म्हणजे सगळा खर्च नाही. इन्स्ट्रुमेंट किट, हँडपीस, लूप्स (भिंगाचे चष्मे), लॅबचं मटेरियल यातलं काय कॉलेज देतं आणि काय आपलं आपण, याची वर्षवार यादी आधी मागून घ्या. आमच्याकडे ही यादी ॲडमिशन झाल्यावर हातात पडली. हे मला अजिबात पटलेलं नाही.

मान्यता कॉलेजच्या वेबसाइटवर नाही, त्या देशाच्या रेग्युलेटरच्या यादीत स्वतः तपासा. पुढे दुसऱ्या देशात जायचा विचार असेल तर आणखी नीट, कारण ही डिग्री पासपोर्टसारखी चालत नाही. अमेरिकेत आयएनबीडीई (तिथली डेंटल बोर्ड परीक्षा) पास झालं तरी बहुतेक राज्यांत तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजात परत २-३ वर्षं शिकावं लागतं, ब्रिटनमध्ये बाहेरच्या डिग्रीवाल्यांना साधारणपणे दोन भागांची ओआरई (रजिस्ट्रेशनची परीक्षा) द्यावी लागते. आणि अमेरिकेतली डीडीएस डिग्री मोठी की डीएमडी यावर भांडू नका, दोन्ही एकच.

तर घ्यावं का? पास होऊन लगेच जनरल प्रॅक्टिस करायची असेल, गर्दीत स्वतःची केस ओढून घ्यायची तयारी असेल, तर डोळे मिटून घ्या, हात चांगला बसेल. रिसर्चची आवड असेल तर नको, लायब्ररी आणि गाइड दोन्हींची बोंब आहे. प्रत्येक स्टेपला कोणीतरी शेजारी बसून समजावून सांगावं असा स्वभाव असेल तर लहान बॅचचं कॉलेज शोधा, इथे पहिल्या वर्षीच रडाल.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन. अर्धा एन्डोच्या लाइनीमुळे गेला, एक त्या कोट्याच्या हिशोबामुळे.

आणि हो, ओपन डेला जाऊ नका, त्या दिवशी सगळं धुतलेलं असतं. एरवीच्या कुठल्याही दिवशी पेशंट म्हणून केसपेपर काढा आणि स्वतःचं स्केलिंग करून घ्या. चेअर किती वेळाने मिळाली, विद्यार्थ्याने ग्लोव्ह्ज कधी बदलले, स्टाफ येऊन तोंडात बघून गेला की लांबूनच सही केली आणि तुमच्यासमोर पोराला कसं बोलला, हे सगळं आडवं पडल्या पडल्या कळतं. हिरड्या दुखल्या तर चौथ्या वर्षाच्या पोराला माफ करा.